गावपळणीतली बरणी

गावपळणीचा नियम साधा आहे. देवाचा कौल झाला की ठरल्या दिवशी सगळ्या गावाने वेशीबाहेर पडायचं आणि तीन दिवस, तीन रात्री परत फिरकायचं नाही. मागे जिवंत काही ठेवायचं नाही. गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, खाटेवरून न उठणारी म्हातारी माणसं, सगळी निघतात. मांजरं तेवढी कुणाचं ऐकत नाहीत. त्यांना पोत्यात घालून न्यावं लागतं आणि मग तीन दिवस ती सूड उगवत बसतात. गावाचं नाव सांगितलं तर पुढच्या खेपेला चार जण कॅमेरे घेऊन टपकतील. म्हणून एवढंच सांगायचं की ते मिठबावपासून फार लांब नाही, खाडीच्या काठाला आहे आणि तिथे हा नियम आजवर कुणी मोडलेला नाही.

समीक्षा मात्र या वर्षी तो मोडायच्या बेतात होती.

निघायच्या आदल्या दिवशी तिचे सासरे सत्यवान परसातल्या मांगराच्या दारात येऊन उभे राहिले. मांगर म्हणजे एके काळी पेंढा आणि अवजारं ठेवायची कौलारू खोप. समीक्षाने ती झाडूनपुसून तिथे आपली प्रयोगशाळा थाटली होती. टेबलावर जुना मायक्रोस्कोप, औषधांच्या चार बाटल्या आणि मधोमध एक मोठी काचेची बरणी, तोंडाला कापसाचा बोळा लावलेली. आत गढूळ, दुधाळ पाणी.

"ह्यां न्हेवचां नाय?" त्यांनी बरणीकडे बोट केलं.

"नाय बाबा. ही हयसरच रवतली."

"काय आसा तेच्यात?"

"यीस्ट. काजूच्या बोंडवाच्या रसातसून काढलेला."

सत्यवान गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालून घालून त्यांचा आवाज असा झाला होता की मीठ मागितलं तरी देवाकडे मागतायत असं वाटे. ते जरा पुढे वाकले.

"जिवंत आसत?"

इथे समीक्षाला खोटं बोलता आलं असतं. पण तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई यीस्टला निर्जीव म्हणेल कशी? जीभच वळेना. "आसत," ती म्हणाली. "कोट्यांनी आसत."

"मगे ती हयसर कशी रवतली?"

"बाबा, ती डोळ्यांका दिसणत पण नाय."

"देवाक दिसतत," सत्यवान म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. वाद संपला. रोज दुपारी काजूच्या बागेतून चोरून यायचं आणि बरणी बघून जायचं, हा समीक्षाचा बेतही तिथेच संपला. सासऱ्यांनी तो ओळखला होता की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

तिची अडचण मात्र खरी होती. समीक्षाच्या पीएचडीचा विषय होता सेलेनियम. हा पदार्थ ना धड धातू, ना धड अधातू, मधल्यामधे लोंबकळणारा. कणभर असला तर शरीराला लागतो, जास्त झाला तर विष. काच रंगवायच्या उद्योगाच्या सांडपाण्यात त्याचा एक क्षार उतरू शकतो, सेलेनाइट नावाचा. तो पाण्यात असा विरघळतो की रंग नाही, वास नाही, गाळून येत नाही, उकळून जात नाही. पण काही यीस्ट हे विष आपल्या पेशीत ओढून घेतात आणि आतल्या आत त्याला आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन देतात. पुस्तकात याला क्षपण म्हणतात. इलेक्ट्रॉन मिळाले की सेलेनाइटचा जहालपणा जातो. त्याचे लाल, घट्ट, बारीक कण होतात आणि ते पाण्यात पुन्हा सहजी विरघळत नाहीत. म्हणजे बरणी लाल झाली की समजायचं, काम झालं.

आणि बरणी लाल होत नव्हती. समीक्षा सुरुवातीला यीस्टला भरपूर साखर द्यायची, मग विष घालायची. दर वेळी पाणी जरासं गुलाबी व्हायचं आणि थांबायचं, सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखं. गोव्यातल्या तिच्या मार्गदर्शक संचिता मॅडम सांभाळून घेणाऱ्या होत्या, पण त्यांनीही शेवटी सांगून टाकलं होतं की नाताळच्या सुट्टीनंतर समितीसमोर लाल बरणी दाखव, नाही तर हा विषय सोडावा लागेल. समीक्षाचा नवरा चंदन बोटीवर होता. फोनवर त्याला ती म्हणाली होती, "ही बरणी शेवटची. नाय झाली तर मांगरात परत पेंढो भरतंय." तो हसला होता. ती हसली नव्हती.

तर अशी ती शेवटची बरणी दुसऱ्या दिवशी समीक्षाच्या मांडीवर बसून गावपळणीला निघाली. टेम्पोत एका बाजूला कोंबड्यांचा झाप, दुसऱ्या बाजूला पोत्यातलं मांजर आणि मधे ही बया बरणीला तान्ह्या पोरासारखी कवटाळून. शेजारच्या महादूने ते बघितलं आणि पुढचे तीन दिवस त्याला करमणुकीला दुसरं काही लागलं नाही.

वेशीपलीकडच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. चुली पेटल्या, पोरं उधळली, भजनाची पेटी निघाली. गावपळणीत एरवी एकमेकांशी न बोलणारे लोकसुद्धा बोलतात, कारण झावळीच्या भिंतीतून सगळंच ऐकू येतं. समीक्षाने बरणी शिंक्यात ठेवून झोपडीच्या आढ्याला टांगली आणि बजावलं, "हेका कोणी हात लावचो नाय. आत वीख आसा."

सासू, सुगंधा, चुलीपुढे बसली होती. बाई बोलायला कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"वीख? आणि तुजी ती यीस्टां?"

"तीच तां वीख खातत."

"अगो बाय! आणि वीखाबरोबर काय खातत?"

"सुरवातीक साखर घातलंय. आता काय नाय."

सुगंधाने मान डोलावली. समीक्षाला वाटलं, विषय संपला. पण सुगंधाच्या घरात खाण्याचा विषय असा संपत नसतो. त्या घरात गुरांना पेंढा, कोंबड्यांना दाणे आणि कुत्र्याला भाकरी पडल्याशिवाय माणसाचं ताट वाढत नाहीत. गावपळणीत तर ती याबाबत जास्तच कडक असे. आपल्या जागेवरून उठवलेल्या मुक्या जिवांना निदान वेळेवर खायला तरी मिळावं, एवढंच तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समीक्षा फोनला रेंज मिळावी म्हणून डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेली. संचिता मॅडमनी पहिला प्रश्न रंगाचाच केला.

"नाही अजून, मॅडम."

"समीक्षा, मी तुझ्या पाठीशी आहे," मॅडम म्हणाल्या, "पण समितीला नुसती आशा दाखवता येत नाही."

हे ऐकून ती परत आली आणि झोपडीच्या दारातच थबकली. सुगंधा उलट्या घमेल्यावर चढून उभी होती. एका हातात कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात पळी. पळीतून काहीतरी तपकिरी बरणीत पडत होतं.

"आई! काय करतास तां?"

सुगंधा दचकली, पण पळी सांडली नाही. "गुळाचा पाणी गो. उकाळून गार केलंलां आसा. कच्चां नाय घातलंय."

"हात लावलास पाण्याक? तोंडाक हात लावलास? काय चाखलास?"

"वीख कित्याक चाखू मी?"

"कधीपासून घालतास?"

"काल सांजचां घातलंय, आज सकाळी, आणि ह्यां आता. पळीपळीच. सगळ्यांका घातलंय, हेंकाच कशी वगळू? उपाशी होती गो."

समीक्षाचा ताबा सुटला. आधी भीती वाटली होती ती सासूने विषात हात घातला असेल म्हणून. मग त्या भीतीचा राग झाला आणि मग त्या रागाने मॅडमचा, समितीचा, साऱ्या फसलेल्या बरण्यांचा राग आपल्यात ओढून घेतला. "गुरां नाय ती!" ती किंचाळली. "माजी तीन वर्षां मातीत घातलास तुमी! तुमका सांगून उपयोग तरी काय?"

सड्यावरचं भजन थांबलं. झावळीच्या भिंतींनी आपलं काम चोख केलं होतं. महादूने थट्टेसाठी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

सुगंधा घमेल्यावरून उतरली. बोळा जागच्या जागी बसवला होता, तो नीट बसला आहे ना हे तिने वर बघून पाहिलं. "हात धुवन येतंय," एवढंच म्हणाली आणि साबण घेऊन बाहेर गेली.

"आता घाला काय घालूचां तां," समीक्षा तिच्या पाठीमागे पुटपुटली. ती जेवली नाही. बरणी ओतून द्यायचीही सोय नव्हती, कारण असलं पाणी जमिनीवर ओतता येत नाही. ती आढ्याला तशीच लोंबत राहिली आणि तिच्याखाली समीक्षा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आपण वाईट बोललो हे तिला कळत होतं. पण माफी मागायला लागतं ते बळ त्या वेळी तिच्यात नव्हतं.

सकाळी डोळे उघडले तेव्हा तिला दिसलं की सुगंधा पुन्हा घमेल्यावर चढली आहे. या खेपेला हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. भांडण भांडणाच्या जागी, खाणं खाण्याच्या जागी. पळीभर गुळाचं पाणी सोडून, बोळा लावून ती उतरली आणि कोंबड्यांकडे गेली. समीक्षाने झोपेचं सोंग घेतलं.

दुपारी महादू झोपडीत डोकावला. "सुगंधावैनी, आज काय बेत आसा? लसणीचो वास लय सुटलोहा."

"लसूण नाय आमच्यात आज," सुगंधा म्हणाली.

समीक्षा ताडकन उठून बसली. लसूण! यीस्ट सेलेनियमला हाताळू लागलं की त्यातला थोडा भाग वायू होऊन उडतो आणि त्याला लसणीसारखाच वास येतो. पुस्तकात तिने हे दहादा वाचलं होतं, पण मांगरात हा वास तिला कधी आलाच नव्हता. तो वास हुंगत बसणंही बरं नव्हे. तिने सगळ्यांना बाहेर काढलं आणि बरणी हलक्या हाताने उतरवून दूरच्या काजूच्या फांदीला, मोकळ्या हवेत टांगली.

उन्हात बरणीचा तळ विटकरी दिसत होता.

तिने डोळे चोळले, जवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. दिवस कलेपर्यंत ती त्या झाडापासून हलली नाही. तिच्या डोळ्यांदेखत रंग वर चढत गेला आणि उतरत्या उन्हात सगळी बरणी लालेलाल झाली, कौलाचा चुरा पाण्यात कालवावा तशी. आत्तापर्यंत एवढा रंग एकाही बरणीला आला नव्हता. समीक्षा रडली. चांगली हमसून रडली.

मग तिच्या डोक्यात उजेड पडायला लागला. एकदम भरलेलं ताट वाढलं की यीस्ट उधळतं आणि बरीचशी साखर दारू करण्यात घालवतं. मग विष पचवायची वेळ येते तेव्हा गाठीला काही उरत नाही. तेच थोडं थोडं खाणं दिलं तर ते पुरवून वापरतं, आणि विषाला द्यायला इलेक्ट्रॉन हाताशी राहतात. पावाचं यीस्ट बनवणारे कारखाने याच रीतीने चालतात. ती स्वतः वर्गात दरवर्षी हा धडा शिकवायची. पण स्वतःच्या बरणीपाशी तिचं सगळं लक्ष विषाच्या मापाकडे असायचं, आणि जेवणाची वेळ तिने कधी धरलीच नव्हती. सासूलाही यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त घरचा रिवाज पाळला होता, आणि हा नशिबाचा भाग तिच्या हातून घडला होता.

ओरडताना साऱ्या सड्याने ऐकलं होतं, म्हणून समीक्षा साऱ्या सड्यासमोर चुलीपाशी जाऊन उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "माजा चुकला. असां बोलूक नको होतंय मी."

सुगंधा भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "लाल झाला तां बरां काय वायट?"

"बरां. खूप बरां."

"मगे वीख खंय गेला?"

"तेंच्याच पोटात आसा. पण आता तेचा वीखपण गेला. बारीक खडे झाले."

"आणि ती?"

"कोण?"

"ती गो, तुजी यीस्टां. येवढे खडे पोटात घेवन ती जिती आसत ना?"

समीक्षाने काजूला टांगलेल्या बरणीकडे वळून बघितलं. सगळा वेळ तिने फक्त रंग बघितला होता. लाल झालं की झालं, ते करणाऱ्यांचं पुढे काय, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. आणि समितीतला कुणी ना कुणी हेच विचारणार होता. एकदा विष पचवून यीस्ट मरत असेल तर तिची रीत एका खेपेपुरती. जगत असेल तर तेच यीस्ट पुन्हा पुन्हा कामाला लावता येईल. पण सुगंधा रीतीसाठी विचारत नव्हती. तिने चार वेळा ज्यांना भरवलं होतं, त्यांची ती चौकशी करत होती.

"माका म्हायत नाय," समीक्षा म्हणाली. "घराक गेल्यावर बगतंय."

दुसऱ्या दिवशी देवाने परत जायचा कौल दिला. गाव आपल्या घरांत शिरलं, अंगणं झाडली गेली, चुली पेटल्या. समीक्षाने पाय धुतले आणि थेट मांगर गाठला. बरणीतला एक थेंब घेऊन तिने गुळाच्या ताज्या, गार केलेल्या पाण्यात सोडला. यीस्ट जिवंत असेल तर त्याला कोंब फुटतो. आईच्या अंगावर फुगवटा येतो, तो वाढतो आणि वेगळा होतो. मेलेलं असेल तर काहीच होत नाही. तिला सकाळपर्यंत थांबणं भाग होतं. ही वाट बघणं तिला समितीची वाट बघण्यापेक्षा जड गेलं, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

सकाळी मांगराच्या खिडकीतून उजेड आल्यावर तिने काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली. बराच वेळ ती बघत राहिली. मग दारात जाऊन हाक मारली, "आई, जरा येवा."

सुगंधा पदराला हात पुसत आली. तिला एक डोळा मिटता येईना. शेवटी तिने तो हाताने झाकला आणि वाकली.

"काय दिसता?"

"गोल गोल काय तरी. पोटात लाल ठिपके."

"ती आवस. तिच्या कडेक बगा."

सुगंधा आणखी वाकली. काही पेशी खरंच निपचित पडल्या होत्या, ते समीक्षाने बघितलं होतं आणि सासूला सांगणारही होती. पण बऱ्याच पेशींना कोंब फुटले होते. लाल कणांनी भरलेल्या एकेका आईला चिकटून एकेक चिमुकला गोळा होता, आणि तिने पाहिले त्यांतले बहुतेक गोळे काचेसारखे निर्मळ होते.

"ह्यां पोर?" सुगंधाने डोळा न काढता विचारलं.

"होय."

"पोर साफ आसा गो. येक ठिपको नाय तेच्यावर."

"आवशीन सगळां आपल्याकडेच ठेवल्यान," समीक्षा म्हणाली. ओरडलेलं सगळं असंच गिळून, हाताला पिशवी बांधून पुन्हा घमेल्यावर चढलेली बाई तिच्यासमोर वाकून उभी होती. तिने सासूच्या पाठीवर हात ठेवला. लग्न झाल्यापासून तिने असा हात कधी ठेवला नव्हता.

सुगंधा सरळ झाली. डोळ्यात पाणी होतं, ते तिने यंत्राच्या माथी मारलं. "ह्या भिंगान डोळो दुखता," ती म्हणाली.

"आई, आज नवी बरणी लावतंय. परत तसांच व्हता काय तां बघूक व्हया. दोन वेळा, पळीपळी, नीट मापून. तुमी घालशात?"

"घालतंय," सुगंधा म्हणाली. "पण परत आरडलंस, तर आधी तुका उपाशी ठेवतलंय."